मूठ माझी, नाव जावयाचं

…न्हाई, जळतो! व्हय, जळतो मी! लपवून ठेवण्यासारखं काय हाय त्याच्यात? आमच्या साखरा गावात कोणालाही इचारा, वैजनाथ कोणावर जळतो, तर शेंबडं पोरगं बी सांगंल, जावयावर! आमच्या पुनमच्या नवऱ्यावर! आता तुमी म्हणाल, अरे, बहिणीच्या नवऱ्यावर कोण जळतं का? थट्टेचं नातं ते, हसावं, चिडवावं, पान खाऊ घालावं अन् मोकळं व्हावं... बराबर हाय तुमचं. पण तुमाला सांगतो, तुमच्या सख्ख्या बापानं सकाळी डोळे उघडल्यापासून एकच नाव घ्यायचं ठरवलं, अन् ते नाव तुमचं नसलं, मंग बघा तुमच्या पोटात आग पडते का न्हाई! लग्नात कानपिळीच्या टाइमाला त्याचा कान माझ्या हातात होता हो... माझ्या या हातात! मी हलकंच पिळला, पाव्हण्याला तकलीफ नको म्हणून. आता पस्तावून राहिलो.

अन् माणूस वाईट असता तर गोष्ट वेगळी. वाईट माणसावर जळायला काय लागतं? पण ह्यो ओमप्रकाश... चांगला हाय हो! दारू न्हाई, तंबाखू न्हाई, आवाज चढवून बोलणं न्हाई. सेनगावला स्वतःचं पोकलेन मशीन हाय, विहिरी खोदतो, शेततळी खोदतो, दिवसभर त्या खोक्यात बसून दोन दांड्या हलवत राहतो, अन् संध्याकाळी पुनमसाठी गजरा घेऊन घरी जातो. गजरा! आमच्या शिलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकदा मला ऐकवलं, "पुनमताईला रोज गजरा येतो म्हणं." मी म्हणलं, आपल्या दारात मोगरा हाय, तोड अन् लाव. तर त्या दिवशी भाजीत मीठ न्हाई. म्हणजे बघा, सेनगावात बसून त्या माणसानं साखऱ्यात माझी भाजी अळणी केली!

तर आमचे आबा. ग्यानोबा. पंच्याहत्तरी ओलांडली. चाळीस वर्षं लाकडी नांगर धरलेला माणूस, ट्रॅक्टर आला तेव्हा बी बांधावर उभं राहून ट्रॅक्टरवाल्याला "तास वाकडं चाललं रे" म्हणून ओरडणारा. दोन सालाखाली लकवा मारला. उजवं अंग गेलं. बोलणं शाबूत राहिलं... ते जाणारच न्हाई, ते यमाला बी पहिले ऐकून घ्यावं लागंल! पाय गेला, अन् उजवा हात असा अर्धवट, बोटं धड मिटत न्हाईत, धड उघडत न्हाईत. तवापासून आबाचं उठणं-बसणं, अंघोळ, दाढी, सगळं मी. अन् संध्याकाळी ढकलायच्या खुर्चीत बसवून मारुतीच्या पारावर नेणं अन् आणणं. जाताना घंटाभर गप्पा, येताना घंटाभर गप्पा. अंतर किती? पाच मिनिटाचं! पण मधी प्रत्येक घरापुढं थांबायचं, प्रत्येकाच्या गोठ्यात डोकवायचं, अन् मला सांगायचं, याच्या आज्यानं काय केलं, त्याच्या चुलत्यानं कोणती पोरगी पाहून नाकारली. दीड वर्ष ढकललं मी. कधी तोंडातून "थकलो" काढलं न्हाई.

अन् मंग होळी झाली, अन् जावई आला बॅटरीची खुर्ची घेऊन!

कुठून आणली? नांदेडच्या एका डॉक्टराचं शेततळं खोदलं ह्यानं. डॉक्टराचे वडील वारलेले, खुर्ची अडगळीत पडून होती, डॉक्टर म्हणला, "घेऊन जा बाबा, कोणाच्या तरी कामी येईल." ह्यानं टेम्पोत टाकली अन् आणली. आता तुमीच सांगा, ह्याच्यात ह्यानं केलं काय? डॉक्टरनं दिली, टेम्पोनं आणली, उतरवली कोणी? मी! पुसली कोणी? शिलानं! बॅटरी बदलली, तारा जोडल्या, चार्जिंगची पिन बसवली कोणी? मीच! अन् नाव कोणाचं? जावयाचं!

आबा बसले. डोळ्यात पाणी. दीड वर्षात माझ्यासाठी कधी आलं न्हाई ते पाणी. जावई समजावून सांगून राहिला, असा गोड आवाज काढून, "मामा, याला जॉयस्टिक म्हणतात. हलकंच पुढं ढकललं की पुढं, मागं ओढलं की मागं, सोडून दिलं की जाग्यावर थांबलं. माझ्या मशीनला अशा दोन हायेत, तुमाला एक." आबा म्हणले, "म्हणजे मी बी आता ऑपरेटर झालो का जावईबापू?" अन् दोघं हसले! मी खाली बसून चाकात हवा भरत होतो, मला कोणी म्हणलं न्हाई, वैज्या, तू बी हास.

पण ती जॉयस्टिक कशी होती, सांगतो. करंगळीएवढी दांडी, अन् तिच्या वर एक रबरी बोंड. कापसाचं कच्चं बोंड असतं ना, तेवढंच! अन् आबाचा हात? तो हात म्हणजे... एका हातात पेंढी धरून दुसऱ्या हातानं बैल आवरणारा हात. त्याला हे बोंड! त्यातून बोटं मिटत न्हाईत. आबानं तळव्यानं रेटलं, बोंड निसटलं, पुन्हा रेटलं, खुर्ची गेली डावीकडं, सरळ शेजारच्या शकुबाईच्या अंगणात. शकुबाईनं बाजेवर कुरडया वाळत घातलेल्या. पूर्ण बाज आडवी! शकुबाई कंबरेवर हात ठेवून, "काहून हो ग्यानोबादादा, खुर्चीनं काहून भागवता? ट्रॅक्टरच घाला ना एकदाचा!" सगळी गल्ली हसली. आबा हसले न्हाईत.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसेनात. "मला न्हाई जमत," म्हणले. मी म्हणलं, "दांडी डाव्या बाजूला बसवून देतो." तर म्हणले, "डाव्या हातानं म्या आजवर काय केलंय?" अन् भिंतीकडं तोंड करून पडले. आता खरं सांगू का? माझ्या मनात पहिले काय आलं? आलं की, बरं झालं! जावयाची खुर्ची फेल! व्हय, आलं मनात, खोटं काहून बोलू? पण आबाची पाठ बघितली अन्... न्हाई बघवलं. ज्या माणसानं चार पायाचे दोन बैल सरळ चालवले, त्याला एक बोंड हरवतंय? म्हणलं, थांबा आबा. दांडी जावयाची असू द्या, पण मूठ मी करतो. तुमच्या हाताच्या मापाची. अशी करतो की आख्ख्या गावानं म्हणलं पाहिजे, वैजनाथनं केली! व्हय, सेवा बी करायची होती अन् नाव बी काढायचं होतं. दोन्ही होतं. माणूसच हाय मी.

माझं वर्कशॉप हाय घरी. म्हणजे गोठाच हाय, पण बैलं गेल्यापासून अर्धा रिकामा, तिकडं माझा शिकंजा, ड्रिल, ग्राइंडर, कानशी, पटाशा. म्हैस इकडं, मी तिकडं. फवारणीचे पंप, पंखे, पेरणी यंत्राचे दांडे, सगळं दुरुस्त करतो. हाताच्या मापाची मूठ करायची तर पहिले हाताचं माप पाहिजे. मी शिलाकडून कणीक मागितली. आबाच्या हातात कणकेचा गोळा दिला, म्हणलं, दाबा. आबानं दाबला. झकास ठसा आला! ठसा उन्हात वाळत ठेवला, अन् संध्याकाळी बघतो तर गोळा तडकून त्याचे तीन भाग, अन् एक भाग मुंग्या घेऊन चाललेल्या, रांगेत, शिस्तीत. शिला म्हणली, "पोळ्या करायला कणीक पुरत न्हाई अन् तुमी आबाचे हात मुंग्यांना चारा."

मंग नळाला लावायचं सील आणलं. ते न्हाई का, दोन रंगाच्या कांड्या मिसळायच्या, घडीभरात दगड होतो. मिसळलं, आबाच्या तळव्यावर ठेवलं, बोटं माझ्या हातानं मिटवली, म्हणलं, "आबा, फक्त पाच मिनिटं हालू नका." आबा म्हणले, "मी दीड साल झालं हाललोय का?" बरं. मी गेलो कानस आणायला. तेवढ्यात आबाला मिशीत खाज सुटली! अन् दीड साल ज्या हातानं घास तोंडाला गेला न्हाई, तो हात त्या दिवशी बराबर मिशीपर्यंत गेला! मी येऊन बघतो तर तळवा मिशीला, मिशी सीलला, अन् आबा डोळे मोठे करून मुकाट. गावातली एक नंबरची मिशी हो ती! पोळ्याला बैलांच्या आधी तिला तेल लागायचं. अर्धी कापावी लागली. उरलेली अर्धी काय ठेवायची, ती बी काढली. आठ दिवस आबा माझ्याशी बोलले न्हाईत, पण फोनवर बोलले, कोणाशी? "जावईबापू, ह्यानं माझं तोंड बोडकं केलं." अन् जावई काय म्हणला, माहीत हाय? "मामा, तुमी बिनमिशीचे तरुण दिसत असाल." झालं! आबा खूश! मिशी कापली मी, सावरून घेतलं जावयानं, नाव कोणाचं? जावयाचं!

आता माझी जिद्द पेटली. मी वर माळ्यावर चढलो, बाभळीचं जुनं लाकूड मिळतं का बघायला. अन् तिथं होतं... रुमणं. रुमणं म्हणजे लाकडी नांगराचा उभा दांडा, नांगरणारा ज्याला धरून चालतो तो. नांगर कधीच मोडला, फाळ भंगारात गेला, पण रुमणं आबानं ठेवलेलं, दसऱ्याला त्याला हळदीकुंकू लागतं अजून. मी त्याच्यावरची धूळ पुसली, वरची मूठ हातात घेतली अन्... उभाच राहिलो. त्या मुठीत हात होता हो! आबाचा हात! अंगठ्याची जागा दबलेली, चार बोटांच्या चार खोबणी, तळव्याचा उंचवटा, काळं कुळकुळीत, गुळगुळीत. चाळीस वर्षं घामानं अन् जोरानं घडलेलं माप. मी इकडं कणीक मळून राहिलो, सील मिसळून राहिलो, अन् माप वर माळ्यावर पडलेलं!

कापायचं कसं? पूजेतलं लाकूड. करवत लावली अन् काढली, लावली अन् काढली, तीनदा. शेवटी रुमण्याला हात जोडले, म्हणलं, देवा, आबाचाच हात हाय, आबालाच देऊन राहिलो. अन् घेतली कापून, चार बोटं अन् एक अंगठा मावंल एवढी. बुडातून भोक पाडलं, आत लोखंडी नळी बसवली, बाजूनं एक बोल्ट, म्हणजे दांडीवर घट्ट राहावी. बसवली. आबाला बसवलं. काय सांगितलं न्हाई. नुसता त्यांचा हात उचलून मुठीवर ठेवला.

आबा दुसरीकडं बघत होते. बघता बघता मान वळवली. म्हणले, "हे रुमणं हाय ना?"

"व्हय."

"कापलंस?"

"व्हय."

अन् मंग... बोटं मिटली. एक, दोन... हिंगोलीच्या व्यायामवाल्या डॉक्टरनं रबरी चेंडू देऊन सहा महिने जे बोट वाकवायचा प्रयत्न केला, ते मधलं बोट बी, हळूहळू, आपल्या खोबणीत जाऊन बसलं. घरी आलेल्या माणसासारखं! मी रडलो. सरळ सांगतो, म्हशीच्या मागं जाऊन रडलो. डोळे पुसून आलो, पुढं उभा राहिलो, म्हणलं, आता! आता म्हणतील! आबानं माझ्याकडं बघितलं, मुठीकडं बघितलं, अन् मान डोलवून म्हणले, "जावयानं खुर्ची आणली म्हणून हे झालं बघ."

आता बोला!

बरं, मूठ बसली, पण काम संपलं न्हाई. बाभळीचं लाकूड जड. आबानं हात सोडला की दांडी मधी येऊन थांबायला पाहिजे, तर मुठीच्या वजनानं ती पुढंच कलली, अन् खुर्ची आपली चालली, आबा नमस्कार करून राहिले अन् खुर्ची मारुतीच्या पायऱ्यांकडं! धावत जाऊन धरली. मंग मूठ आतून पोखरली, ड्रिलनं, जपून, वाटाण्याच्या शेंगेवाणी हलकी केली. तर दुसरी भानगड. हाताला रुमणं लागलं, अन् हाताला नांगर आठवला! आबा थांबायचं म्हणलं की "हो... हो... होऽऽ" करून मूठ मागं ओढायचे. नांगराला ते बराबर हाय. खुर्चीला मागं ओढलं की ती मागं येते ना! मी मागं उभा, माझ्या नडगीवर! अन् वळायचं म्हणलं की बांधाला नांगर उचलतात तशी मूठ वर उचलायचे, दोनदा तर मूठ हातात, खुर्ची पुढं. मी सांगून राहिलो, "आबा, सोडा, नुसतं सोडून द्या, सोडलं की थांबतं." तर मलाच झापलं, "नांगर कधी सोडायचा असतो का रे?" शेवटी मी नट-बोल्ट बदलले, आरपार पिन मारली. अन् आबा बी शिकले. पण तोंडानं "हो... हो..." चालूच राहिलं. खुर्चीला वाटत असंल, आपण बैल हाय.

अन् मंग निघाली आबाची स्वारी. मी सवयीनं चप्पल घातली, मागं हात लावायला गेलो, तर म्हणले, "तू काहून येऊन राहिला? मला येतं आता. तू तुझं बघ." गेले. एकटे. सुरसुर करत. मी अंगणात चप्पल घालून उभा. हेच तर पाहिजे होतं ना मला? आबा स्वतः हिंडले पाहिजेत, त्यासाठीच केली ना मूठ? मंग काहून असं झालं की संध्याकाळचे दोन घंटे माझे जाता जाईनात? कोणाच्या चुलत्यानं काय केलं हे मला कोण सांगणार आता? मी माझ्याच मुठीवर जळायला लागलो, घ्या!

पारावर काय चाललंय बघायला मी एक दिवस मागून गेलो. सगळे आबाभोवती. एकजण मुठीवरून हात फिरवून म्हणला, "काय वस्तू हाय! जावयानं मूठ बी कंपनीची बसवून दिली!" कंपनीची! माझ्या रुमण्याला कंपनीची म्हणले! मी आबाकडं बघितलं. म्हणलं, आता तरी. आबानं खाकरलं, सुपारी इकडची तिकडं केली अन् म्हणले, "जावयाचं काम म्हणजे काय इचारता." मी तिथूनच परत फिरलो. मूठ माझी, घाम माझा, नडगी माझी... अन् नाव कोणाचं? जावयाचं!

अन् अशात लागला धोंड्याचा महिना. तीन सालातून एकदा येतो, अन् आमच्याकडं तो महिना जावयाचा. जावई म्हणजे साक्षात विष्णू! त्याला बोलवायचं, पाटावर बसवायचं, ओवाळायचं, तेहेतीस अनारसे द्यायचे, पुरणाचे धोंडे घालायचे, कपडे, दिव्याचं ताट, सगळं. बरं, जावई विष्णू, पुनम लक्ष्मी... मंग मी कोण? गरुड! पाठीवर वाहून नेणारा! स्टँडवरून पिशव्या मी आणल्या, अनारशाचं पीठ मी दळून आणलं, पाट बी माझ्याच वर्कशॉपातला.

जेवण झालं. जावई धोंडे खाऊन असा मागं टेकला, अन् आबा म्हणले, "जावईबापू, काय कमी राहिलं असंल तर मन मोकळं करून सांगा. धोंड्याला रुसून जायचं नसतं." रीत हाय ती बोलायची. अन् जावयानं बी रीतीनं म्हणायचं असतं, "काय न्हाई मामा, सगळं भरून पावलं." पण ह्याचा हात गेला बाजूला आबाच्या खुर्चीच्या मुठीवर. सहज. अन्... बसला! तुमाला सांगतो, असा बसला की माझ्या छातीत कळ आली! अंगठा अंगठ्याच्या जागी, बोटं खोबणीत, तसूभर फरक न्हाई! ह्यो परका माणूस, दुसऱ्याच्या घरातला, अन् त्याचा हात आबाच्या हाताच्या मापाचा! मी तर सख्खा पोरगा, नाक आबाचं, टक्कल आबाचं, गुडघेदुखी आबाची. हात? मी मूठ केली तेव्हा कितीदा धरून बघितली होती चोरून. माझी बोटं पुरतच न्हाईत खोबणीला. हात माझ्या आईवर गेलाय. अन् आबा तर ओरडलेच, "बघा, बघा! हात बी माझ्यावरच गेलाय जावयाचा!"

गेलाय! जावयाचा हात सासऱ्यावर गेलाय! हे कुठल्या शास्त्रात बसतं हो?

जावई म्हणला, "मामा, लई झाक मूठ हाय. माझ्या मशीनच्या दांड्या अशा टोचतात, संध्याकाळपर्यंत पंजा आखडतो. अशी मूठ असती तर..." पुनमनं डोळे वटारले, "अहो, काहून असं बोलून राहिले? आबाची हाय ती." मी लगेच मधी पडलो. म्हणलं, "दाजी, तुमाला नवी करून देतो! सागाची करतो, पॉलिश मारतो, तुमच्या मापाची, आठ दिवसात सेनगावला घरपोच!" मनापासून म्हणलं. नव्या दहा करून दिल्या असत्या. ही न्हाई.

आबा म्हणले, "वैज्या, पाना आण."

"आबा, ते तुमचं..."

"पाना आण म्हणलं ना. धोंड्याला जावयानं तोंडानं मागितलं अन् आपण म्हणायचं, थांबा, दुसरी करतो?"

काय करता? आणला पाना. ज्या हातानं पिन मारली त्याच हातानं पिन काढली. शिलानं ताट धरलं, मूठ ताटात, मुठीला हळदीकुंकू, बाजूला अनारसे. जावई बी चपापला, "न्हाई मामा, मी आपलं सहज बोललो, तुमची गैरसोय..." पण आबा ऐकत असतात का? वरून मलाच, "पोकलेनची दांडी जाड असती, भोक मोठं करून दे." म्हणजे देऊन बी टाकायची अन् बसंल अशी करून द्यायची! गेलो गोठ्यात. ड्रिल लावलं. म्हशीकडं बघितलं न्हाई, तिला बी माहीत झालंय मी तिकडं कशाला जातो ते.

निघताना जावयाचा पाय निघंना. चांगला हाय म्हणलं ना, तीच तर बोंब हाय! खुर्चीकडं बघून म्हणला, "मामा, मंग तुमचं कसं होणार? त्या बोंडानं तर तुमाला..."

आबा म्हणले, "माझं काय? मला वैजनाथ हाय की."

मी भोकातला भुसा झटकत होतो. हात थांबला. वैज्या न्हाई, वैजनाथ! अन् आबा पुढं बोलून राहिले, माझ्याकडं न बघता, "ते आपलं आपण हिंडायचं ठीक हाय जावईबापू, पण एकट्यानं पार फार लांब लागतो. मागं माणूस नसला की बोलावं कोणाशी? मूठ बरी होती, पण मूठ काय 'व्हय आबा' म्हणती का?"

तुमाला सांगतो, तेवढ्यावर मी सगळं माफ केलं! खुर्ची माफ, गजरा माफ, मिशी, नडगी, रुमणं, सगळं! जावयाच्या पिशव्या स्टँडवर बी मीच हसत पोचवल्या. जावयाची गाडी गेली, अन् मी घरी येऊन म्हणलं, "चला आबा, पारावर." जुनी हलकी खुर्ची काढायला गेलो, तर म्हणले, "ती नको. जावयाची खुर्ची असताना दुसरीत काहून बसू?" आता ती बॅटरीसकट ढकलायची म्हणजे बैलजोडी पाहिजे. पण म्हणलं, असू दे! आज आपण दोन बैलांना भारी हाय! लावली छाती अन् निघालो.

पारावर पोचलो. मला घाम फुटलेला, श्वास लागलेला, पण मन भरलेलं. सगळ्यांनी इचारलं, "ग्यानोबा, मूठ कुठं गेली?" आबा म्हणले, "जावयानं मागितली, दिली." मी ताठ उभा राहिलो. आता पुढचं वाक्य माझं होतं ना! आता सांगणार होते ना, मूठ गेली तरी मला वैजनाथ हाय म्हणून! आबानं सगळ्यांकडं नजर फिरवली, असं समाधानानं, अन् म्हणले, "एवढे दिवस तुमी सगळे हात फिरवत होते, कोणाला कळलं का काय चीज हाय ती? न्हाई. मागायला बी पारख लागती. जावयाला हाय!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे आणली तरी जावयाची वाहवा, अन् नेली तरी जावयाचीच वाहवा! परत निघालो. मी मागून ढकलून राहिलो अन् आबा पुढून सांगून राहिले, कोणाच्या आज्यानं काय केलं, कोणाच्या चुलत्यानं काय केलं, अन् मधी मधी, "ऐकतोस ना रे?" मी म्हणलं, "व्हय आबा. पाय वर घ्या, चढ आला."